तांबड्या गाईचं नाव

बसमध्ये शेजारच्या बाईच्या साडीविषयी काही बोलायचं असलं तर आम्ही आवाज खाली करत नसू. दुकानात तांदळाची खोड काढायची असली तर दुकानदाराच्या तोंडावर काढायचो, फक्त मराठीत, आणि चेहरा हसरा ठेवून. डॉक्टरांसमोर डॉक्टरांविषयी बोलायचो. राजवाड्याभोवतालच्या आमच्या गल्ल्या सोडल्या तर तंजावुरात मराठी कुणाला कळत नाही, हे आम्हांला इतकं ठाऊक होतं की त्याचा कधी विचारच केला नव्हता.

मला स्वतःला मात्र मराठीतही मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. मी पापनाशमजवळच्या खेड्यातली. चौथीपर्यंत तमिळ शाळेत गेले, आणि बालबोध अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली, म्हणून हे लिहिता येतं. माझी लेक मराठी बोलते, पण तिला मराठी वाचता येत नाही. तेव्हा ही वही तिच्या हाती पडली तरी भीती नाही.

तंजावुरात तेव्हा रस्त्यारस्त्यावर कंप्यूटर शिकवायच्या पाट्या लागल्या होत्या. लेकीनं बी.कॉम. झाल्यावर तसल्याच एका ठिकाणी शिकून घेतलं आणि गावाबाहेरच्या युनिवर्सिटीत परीक्षा विभागात तिला काम मिळालं. कागदावरचे मार्क मशीनमध्ये चढवायचे, असं ते काम. नोकरी कच्ची होती. त्या वर्षी पक्की व्हायची होती. हे त्याच विभागात जुने क्लार्क. सकाळी दोघं एका मोपेडवर जात. ती मागं डबा धरून बसे, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दाराच्या फटीतून बघत असे.

कुठल्याशा दुसऱ्या गावच्या कॉलेजात मार्कांची गडबड झाल्याचं कानावर आलं, आणि इथल्या युनिवर्सिटीनं लगेच कंप्यूटरच्या खोलीसाठी नियम काढले. इंग्रजीत आणि तमिळमध्ये छापलेला कागद खोलीच्या दाराला चिकटवला. लेकीनं एका संध्याकाळी ते सगळे मला मराठीत सांगितले. मी डाळ वाटत होते. चपला बाहेर काढायच्या. फ्लॉपी आत आणायची नाही, बाहेर न्यायची नाही. पाणी प्यायला उठलं तरी मशीनचा पडदा बंद करून उठायचं. आणि प्रत्येकाचा एक पासवर्ड. तो कुणाला सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही, आणि त्या पासवर्डानं जे काही होईल ते त्या माणसानंच केलं असं धरलं जाईल.

"बापाला सांगितलं तरी?" ह्यांनी पुसलं.

"बाप सोडून, असं लिहिलेलं नाही, अप्पा."

हे हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ह्या घरात लोणच्याच्या बरणीलाही झाकण नीट बैसत नाही, अन् हिला गुपित मिळालं."

मला मात्र आवडलं होतं. जेवताना ती कधी कधी डाव्या हाताची बोटं पाटावर हळूच आपटायची, तेव्हा मला वाटायचं की ती तो शब्दच लिहीत असेल. आपल्या पोरीजवळ एक वस्तू अशी आहे जी फक्त तिची आहे. माझ्याजवळ तसलं काही कधी नव्हतं.

उन्हाळा चढला तसे लेकीच्या अंगावर कांजिण्यांचे फोड आले. आमच्याकडे त्याला अम्मा आली म्हणतात. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या. फोडणी बंद, तळण बंद, कुणी घरात येणं नाही. लेक आतल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर निजून होती. निकालाचं काम चालू असल्यामुळे ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून हे बाहेर तिण्णैवर, म्हणजे दाराशेजारच्या ओट्यावर, झोपत आणि तिथूनच ऑफिसला जात.

रोज संध्याकाळी येणारी फुलवाली, जिला आम्ही आया म्हणत असू, त्या दिवसांत कडीला पुडी अडकवून निघून जायची. एरवी ती तिण्णैवर बसून गजरे ओवायची. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती त्या घरात येत होती. मी नवी नवरी होते तेव्हा तिच्याबरोबर तिचा मुलगाही यायचा, परसात पानावर जेवायचा. गल्लीत सगळे त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. पुढं ह्यांनीच शब्द टाकून त्याला परीक्षा विभागात अटेंडर म्हणून लावला. दारं उघडायची, कागद इकडून तिकडे न्यायचे, चहा आणायचा.

एका सकाळी कोपऱ्यावरचा फोनवाला रस्त्यात उभा राहून मला हाका मारू लागला. ऑफिसातून फोन होता. मी फोन कधी हातात धरला नव्हता. आणि अम्माच्या घरातली बाई म्हणून त्यानं रिसीव्हर टेबलाच्या टोकाला ठेवला आणि आपण लांब जाऊन उभा राहिला. दुकानात आणखी माणसं होती. सगळी माझ्याकडं बघत होती.

हे घाईत होते. एका विषयाचे मार्क लेकीच्या नावानं मशीनमध्ये अडकले होते. तिच्या पासवर्डाशिवाय उघडत नव्हते आणि संध्याकाळच्या आत छापून जायला हवे होते. सूपरिंटेंडेंट ह्यांच्या डोक्यावर उभा होता. लेकीला पुसून ये, म्हणाले.

मी घरी येऊन लेकीला पुसलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"सांगता येत नाही, आई."

"अप्पा पुसतायत."

"अप्पांनाही सांगता येत नाही."

मी म्हणाले, सूपरिंटेंडेंटच पुसतोय. ती म्हणाली, त्यांना तर मुळीच नाही. मी तशीच उभी राहिले. तिकडे फोन उघडा पडला होता आणि लोक वाट बघत होते, ह्याचीच मला लाज वाटत होती. तापानं तिचे ओठ फुटले होते. शेवटी भिंतीकडं तोंड करून ती बोलली. "आपल्या तांबड्या गाईचं नाव. त्याच्यापुढं घराचा नंबर, जुना. अप्पांना म्हणावं, स्वतःच टाईप करा, कुणाला दाखवू नका."

मी परत जाऊन हळू आवाजात सांगितलं. ह्यांना ऐकू जाईना.

"काय? मोठ्यानं बोल. गाय? कुठली गाय, तांबडी? हां, तांबडीचं नाव. अन् पुढं घराचा नंबर. नवा का जुना? जुना. बरं."

ह्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर एवढा येत होता की फोनवाल्यानं मला तमिळमध्ये पुसलं, काय, गाय बिय घेताय का. बाकीची माणसं हसली. मीही हसले. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. मी रिसीव्हर ठेवल्यावर त्यानं तो लिंबाच्या पाल्यानं पुसून घेतला.

काम झालं. कागद वेळेवर छापून गेले. हे त्या संध्याकाळी खुशीत होते.

काही दिवसांनी हे दुपारीच घरी आले. मोपेड चालू होती तरी हाती ढकलत आणली. तिण्णैवर बसले आणि पाणीही मागितलं नाही. मी पडद्याआड उभी होते. हळूहळू सगळं बाहेर आलं.

नव्या नियमाप्रमाणे छापलेले कागद आणि मशीनमधले आकडे पुन्हा ताडून बघायचे असत. ते बघताना एका मुलीच्या मार्कांत फरक निघाला. कागदावर ती नापास होती, मशीनमध्ये पास. काम संपल्यानंतर कुणीतरी ते पुन्हा उघडून बदललं होतं, आणि मशीननं त्यापुढं नाव लिहून ठेवलं होतं ते आमच्या लेकीचं. चौकशी बसणार होती. सूपरिंटेंडेंट म्हणत होता की मी पासवर्ड मागितलाच नाही, मी फक्त मुलीला बोलावून घ्या म्हणालो.

"मी माझ्या बोटांनी टाईप केला, माझ्या हातानं बंद केलं," हे म्हणाले. "कुणी पाहिला नाही. मी शब्द उच्चारलासुद्धा नाही. गाय म्हणालो, नंबर म्हणालो. तेही आपल्यात."

आपल्यात म्हणजे मराठीत.

आतून लेक उठून दारापर्यंत आली होती. लिंबाच्या डहाळ्यांच्या अलीकडं ती, पलीकडं हे, आणि मधल्या बोळात मी. ह्यांनी तिला सांगितलं की चौकशीत फोनचं काढू नकोस, मला काही ठाऊक नाही एवढंच म्हण.

"मग मीच केलं असं झालं ना."

"तू घरात निजली होतीस. तू कशी करशील?"

"मग मी कुणाला तरी सांगितलं. काहीतरी घेऊन सांगितलं, असंच म्हणतील. नियमात तेच आहे, अप्पा. माझा पासवर्ड म्हणजे मी."

हे म्हणाले की माझी थोडीच वर्षं राहिलीयत, आता डाग लागला तर पेन्शन अडकेल. तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "तुमची नोकरी संपत आलीय. माझी सुरू व्हायचीय. एकदा ह्यात नाव आलं तर मला कुठल्या ऑफिसात मशीनला हात लावू देतील?"

ती असं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी मी ताकभात केला तो कुणी खाल्ला नाही.

मला त्या मशीनचं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की माझ्या पोरीनं काही केलेलं नाही आणि तिला ते सिद्ध करता येणार नाही. खरं सांगावं तर बाप जातो, न सांगावं तर ती. आणि खरं सांगूनही सुटका नव्हती, कारण खऱ्याच्या शेवटी कुणी नव्हतं. ह्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही, तिनं तर नाहीच. मग ते उघडलं कुणी?

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तंबी चौकशीचा कागद घेऊन आला. तमिळमध्ये, "अक्का," म्हणून त्यानं बाहेरून हाक दिली. अम्मा असलेलं घर म्हणून चपला रस्त्यावरच काढल्या होत्या. अनवाणीच उभा होता आणि पाय भाजत होते म्हणून भिंतीच्या सावलीला चिकटला होता. त्यानं कागद तिण्णैवर ठेवला. मी पडद्याआडून हात पुढं केला, तेवढ्यात भिंतीच्या भेगेतून एक मोठी गोम बाहेर आली आणि त्याच्या पायाकडं निघाली.

"अगं बाई, गोम. पायाशी," मी म्हणाले.

मी त्याला म्हणालेच नव्हते. घाबरल्यावर तोंडातून आपलं तेच निघतं, तसं निघालं, आणि तेही हळू. गोमेला तमिळमध्ये काय म्हणतात ते मला आठवायच्या आत तो खाली बघत मागं उडाला होता. मग चप्पल उचलून त्यानं ती ठेचली.

चप्पल हातात तशीच धरून त्यानं वर पाहिलं. मी पडदा सोडला नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं तो वेळ थोडाच असेल. सही केलेली प्रत न्यायला उद्या येतो, असं तमिळमध्ये म्हणून तो निघून गेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. मार्क, मशीन, चौकशी हे काही पहिल्यांदा मनात आलं नाही. आली ती लाज. मी नवी नवरी असताना सासूबाई तिण्णैवर बसून मला जे जे बोलत, माझ्या माहेराला जे बोलत, ते सगळं गजरे ओवणाऱ्या त्या बाईच्या आणि परसात जेवणाऱ्या त्या मुलाच्या देखत. ह्यांची आणि दिरांची वाटणीची भांडणं. कुणाच्या मुलीचं स्थळ का मोडलं ते. आम्ही आवाज खाली केला नाही, कारण त्यांनी कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं. उत्तर देत नाही म्हणजे कळत नाही, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मग गाय आठवली. तांबडीला संध्याकाळी तळ्यावर पाण्याला तोच न्यायचा. तिचं नाव घेत न्यायचा. आणि घराचा जुना नंबर त्याच्या लहानपणी दारावर निळ्या पत्र्यावर होता. नवे नंबर नगरपालिकेनं पुढं कितीतरी वर्षांनी रंगवले. ह्यांनी ऑफिसात शब्द उच्चारला नव्हता हे खरंच होतं. पण त्या खोलीत एक माणूस असा होता ज्याला कळायला तो उच्चारायची गरज नव्हती.

ह्यांना सांगावं तर हे ओरडत गेले असते आणि त्यानं नाही म्हटलं की संपलं. गोम बघून मागं उडाला, हा काय पुरावा? लेकीला सांगितलं असतं तर ती तापात तशीच उठून बसली असती. मी कुणाला सांगितलं नाही. रात्रभर लेकीच्या अंगावर लिंबाची डहाळी फिरवत बसले आणि उद्या काय बोलायचं ते मनात जुळवत राहिले. जुळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर तो आला. लेकीनं सही केलेली प्रत मी हातात घेतली, पडदा बाजूला केला आणि दारात येऊन उभी राहिले. परक्या पुरुषासमोर मी तशी कधी उभी राहिलेली नाही.

"बैस," मी मराठीत म्हणाले.

तो उभाच राहिला.

"तांबडीला पाण्यावर तूच न्यायचास."

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग तो मराठीत बोलला. "हळू बोल. आत पोर निजलीय." ती मराठी माझ्या सासूबाईंची होती. तोच सूर, तोच हेल. मला तू म्हणणं त्यांचंच होतं. त्याला आणखी कुठून मिळणार.

त्यानं काही लपवलं नाही. जिचे मार्क बदलले होते ती मुलगी त्याच्या बहिणीची होती. एका विषयात थोडक्यात राहिली होती, आणि आता राहिली तर बाप तिचं शिक्षण बंद करून तिला उजवून टाकणार होता. इतके महिने त्या खोलीत चहा नेऊन नेऊन मशीन कसं चालवतात ते त्यानं बघून ठेवलं होतं. त्या दिवशी फोन चालू असताना तो ट्रे घेऊन ह्यांच्या मागं उभा होता.

"तुझ्या लेकीवर येईल असं वाटलं नाही," तो म्हणाला. "ती घरी निजलेली. मशीन चुकलं म्हणतील, असं वाटलं."

"मशीन चुकलं म्हणत नाहीत. तिचं नाव म्हणतात."

"माझी नोकरी जाईल, अक्का."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तो खाली बघत उभा राहिला. कालच्या गोमेभोवती मुंग्या लागल्या होत्या. मी प्रत छातीशी धरली होती. मी म्हणाले, "चौकशीच्या दिवशी मी तिथं येणार आहे."

तेव्हा तो जवळजवळ हसला. "तू? तू गल्लीच्या टोकाच्या देवळातसुद्धा जात नाहीस."

"येईन. आत जाऊन मला बोलावं लागू नये, एवढंच तुझ्याकडं मागते."

त्यानं हात पुढं केला. मी प्रत दिली. त्या संध्याकाळी कडीला फुलं नव्हती.

चौकशीच्या आधी फोड सुकले आणि लेकीचं अम्मा उतरल्याचं न्हाणं झालं. चेहऱ्यावर खपल्यांचे डाग होते, म्हणून तिनं ओढणी कपाळावरून घेतली. मी बाहेरची साडी नेसले तेव्हा हे बघत राहिले.

"तू येऊन काय करणार?"

"बैसेन."

मोपेडवर तिघं मावत नाहीत म्हणून बसनं गेलो. बसमध्ये आम्ही एक अक्षर बोललो नाही. माझ्या समोर एक म्हातारा कोंबड्यांची टोपली घेऊन बसला होता, त्याच्या शेजारी दोन कॉलेजच्या मुली. मी एकेकाचा चेहरा बघत होते. ह्यातल्या कुणाला काय कळत असेल ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

तिथं लांब वऱ्हांड्यात आम्हांला बाकावर बसवलं. समोरच कंप्यूटरची खोली होती. दाराला तो नियमांचा कागद होता, कोपरे सुटून आलेला. तमिळमधलं मला वाचता आलं. लेकीनं सांगितलं होतं तसंच होतं सगळं. शेजारच्या दारामागं चौकशीची माणसं बसली होती. तंबी त्यांना पाणी नेत होता, चहा नेत होता, रिकामे पेले आणत होता. दर वेळी आमच्या समोरून जायचा. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मी त्याच्यावरची नजर काढली नाही. लेकीला बोलावणं यायच्या आत त्यानं आत जाऊन खरं सांगितलं नाही तर मला उठून त्या दारातून आत जावं लागणार होतं. आत किती पुरुष असतील, तमिळमध्ये पहिला शब्द कुठला काढायचा, ते मी बाकाची कड धरून पुन्हापुन्हा म्हणत होते.

हे लेकीकडं वाकले. "फोनचं काढू नकोस. ऐकतेस ना? मी तुझा बाप आहे."

लेक समोरच्या दारावरच्या नियमांच्या कागदाकडं बघत राहिली.

"हळू," मी म्हणाले. "इथं मराठी कळतं."

"इथं? कुणाला?" हे माझ्याकडं वेड्यासारखं बघू लागले.

मी समोर पाहिलं. तंबी पेल्यांचा ट्रे घेऊन आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. ह्यांनी माझ्या नजरेमागं पाहिलं, त्याला पाहिलं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी बघितला. फोनचा दिवस ह्यांना आठवत असावा. मागं कोण उभं होतं ते.

तंबीनं ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दोन्ही हात शर्टाला पुसले. दारावर टकटक न करता तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग ह्यांना बोलावलं. हे उठताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उठले. बाहेर आले तेव्हा चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत होते.

"फोनचं सांगितलं मी," एवढंच म्हणाले.

लेकीला सगळ्यात शेवटी बोलावलं आणि तिला फार वेळ लागला नाही.

तंबीला त्याच दिवशी घरी पाठवलं, आणि पुढं त्याची नोकरी गेली. ह्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर विभागात हे कुणाशी मोकळेपणानं बोलले नाहीत. मार्क बदलल्याचा आळ लेकीवरून उतरला, पण पासवर्ड सांगितला हा ठपका राहिला, आणि त्या वर्षी तिला पक्कं केलं नाही. हे चिडले. सूपरिंटेंडेंटला काही झालं नाही ह्याचा ह्यांना जास्त राग. लेक म्हणाली की मला शिक्षा झाली ती बरोबरच आहे, मी सांगितलाच होता. पुढच्या वर्षी ती पक्की झाली. नवा पासवर्ड काय आहे ते ह्या घरात कुणाला ठाऊक नाही, आणि ती आता जेवताना पाटावर बोटं आपटत नाही.

एकदा तिनं मला पुसलं, आई, तुला कळलं कसं. मी म्हणाले, गोमेमुळं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

त्या बहिणीच्या मुलीचे मार्क होते तसे पुन्हा केले. तिचं पुढं काय झालं ते पुसायचा मला धीर झाला नाही.

फुलवाली पुष्कळ दिवस आली नाही. देवाला मी परसातली जास्वंद वाहत होते. वाटेत कुठं दिसली तर ती रस्ता ओलांडून पलीकडं जायची, आणि मी मान खाली घालायची. मग पाऊस संपल्यावर एका संध्याकाळी कडी वाजली. बघते तर तिनं पुडी अडकवली होती आणि पाठ फिरवून निघाली होती.

"बैस की, आया," मी आतून म्हणाले. मराठीत.

ती पाठमोरीच थांबली. मग परत आली, टोपली उतरवली आणि तिण्णैवर तिच्या नेहमीच्या जागी बसली. मी दारात बसले. बराच वेळ ती ओवत राहिली. मग तमिळमध्ये म्हणाली की यंदा कळ्या बारीक आहेत, पावसानं मार खाल्ला. मी म्हणाले, हो, बारीक आहेत. मुलाविषयी ती बोलली नाही, मीही पुसलं नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातली आमची लांबची जाऊ ओट्यावर आली. फुलवालीला बघून तिनं तिथूनच मला मराठीत पुसलं, नेहमीसारखं, चांगलं मोठ्यानं. "आली वाटतं ही परत? लेकानं एवढं करून ठेवलं तरी लाज नाही."

फुलवालीनं मान वर केली नाही. तिच्या बोटांतली गाठ अर्धी राहिली होती.

मी उठून उभी राहिले आणि रस्त्यापलीकडं जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तिला कळतं."